लक्ष्मणराव किर्लोस्कर : आधी दोष शोधा, मग पाना उचला



२० जून हा लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्मदिवस. त्यानिमित्ताने या पानावर त्यांच्याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते. बेळगावात किर्लोस्कर रोडवरून आपण सगळेच जातो-येतो. खरेदीला जातो, गाडी लावायला जागा शोधतो आणि घरी येतो. पण हा रस्ता कोणत्या किर्लोस्करांचा, असे घरातल्या मुलांना विचारले तर बरीच मुले गोंधळतात. कोणी संगीत शाकुंतल आणि सौभद्र लिहिणारे नाटककार सांगतात, कोणी इंजिनवाले सांगतात. दोघेही आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या मलप्रभेकाठच्या गुर्लहोसूरचे आणि दोघेही एकाच घराण्यातले. नाटककार अण्णासाहेब १८४३ साली जन्मले, तर आपले लक्ष्मणराव १८६९ साली. आजचा लेख या दुसऱ्या किर्लोस्करांविषयी आहे.

आम्ही बी.कॉम. झालेली माणसे. सारी नोकरी बँकेत गेली, त्यातली बरीच वर्षे निपाणी, चिकोडी भागात शेतीकर्जाच्या टेबलावर. इंजिन म्हणजे आम्हाला कोटेशन, मार्जिन मनी, गहाणखत आणि हप्ता. त्याच्या आत काय चालते याच्याशी आमचा संबंध नव्हता. तो एका उन्हाळ्यात आला, आणि लक्ष्मणराव आम्हाला खऱ्या अर्थाने समजले ते त्यानंतर. म्हणून आधी तो प्रसंग सांगतो.

वेदगंगेच्या काठच्या एका गावी आम्ही वसुलीला गेलो होतो. पंपसेटच्या कर्जाचे दोन हप्ते थकले होते. शेतात ऊस उभा होता, पण पाने करपू लागली होती. डिझेल इंजिन आठ दिवसांपासून बंद आहे असे त्या शेतकऱ्याचे म्हणणे. खरे सांगायचे तर आम्हाला ती सबब वाटली. हप्ता चुकवणारा माणूस इंजिनावर ढकलतो, हे आम्ही पुष्कळ वेळा पाहिले होते. रिपोर्टात काय लिहायचे तेही मनात ठरले होते. भोवती जमलेली माणसे आपापले निदान सांगत होती. कोणी म्हणे रिंगा गेल्या, कोणी म्हणे हेड उघडा, कोणी म्हणे पंपच बदला. प्रत्येक निदानाचा खर्च मोठा, आणि त्या घरात तेवढे पैसे नव्हते.

तेवढ्यात सायकलवरून एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. आधी बांधावर बसून प्रश्न विचारले. इंजिन एकदम बंद पडले की गुदमरत गुदमरत पडले? बंद पडण्याआधी धूर कसला येत होता? त्या दिवशी टाकीत डिझेल किती होते? बंद पडल्यावर कोणी काय काय उघडले? शेतकऱ्याच्या मुलाने मान खाली घालून सांगितले, की रात्री पाणी पाजताना डोळा लागला आणि टाकी कोरडी पडली. सकाळी डिझेल आणून भरले, पण तेव्हापासून इंजिन उठत नाही.

मग मिस्त्री उठले. दाब सोडण्याची कळ वर करून त्यांनी हँडल फिरवले आणि मध्येच कळ खाली सोडली. चाक अडखळून मागे उसळले. म्हणजे आत दाब आहे, रिंगा आणि व्हॉल्व्ह शाबूत आहेत. हेड उघडायचे कारणच उरले नाही. पुन्हा हँडल मारून त्यांनी कान लावला. नोझलमधून डिझेलचा फवारा उडताना कर्र असा आवाज येतो, तो येत नव्हता. म्हणजे डिझेल तिथवर पोचत नाही. फिल्टरवरचा स्क्रू त्यांनी थोडा सैल केला, तर डिझेलऐवजी फेस आला. टाकी कोरडी पडली तेव्हा नळीत हवा शिरली होती. बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार येईपर्यंत त्यांनी वाट पाहिली, स्क्रू आवळला, पुढे पंपाजवळ तसेच केले आणि हँडल मारले. इंजिन सुरू झाले. एक पैशाचा सुटा भाग लागला नाही. पाटात पाणी आले तेव्हा आम्ही त्या शेतकऱ्याच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही. आमचा मनातला रिपोर्ट म्हणजे हेड उघडा म्हणणाऱ्यांसारखाच होता. दोष कुठे आहे ते न बघता आम्ही माणसावर शिक्का मारायला निघालो होतो.

लक्ष्मणरावांचे चरित्र वाचताना आम्हाला ते मिस्त्री पुन्हा पुन्हा आठवतात.

लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक. मुलाने शिकून सरकारी नोकरीत जावे, ही त्या काळातल्या कोणत्याही घराची रीत. पण या मुलाचे मन शाळेच्या पुस्तकांत रमेना. चित्रे काढणे आणि वस्तू खोलून पाहणे, हे त्याचे छंद. थोरले बंधू रामूअण्णा त्याच्या पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कला शाळेत दाखल झाले. दोन वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली. त्यांना काही रंगांमधला फरक ओळखू येत नव्हता. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा धक्का कोणता? पण इथेच त्यांचा स्वभाव दिसतो. सगळे फुकट गेले म्हणून ते गावी परतले नाहीत. रंग दिसत नाहीत, पण रेघ दिसते, हात स्थिर आहे, मोजमाप चुकत नाही. जे चालते ते ठेवायचे, जे चालत नाही ते बाजूला करायचे. त्यांनी रंग सोडले आणि यंत्रांचे आराखडे काढण्याची विद्या धरली.

त्या जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची नोकरी मिळाली. ही संस्था त्या वेळी नवी होती. लक्ष्मणरावांनी तिथे शिकवले आणि त्याहून जास्त तिथे शिकले. तास संपले की ते कार्यशाळेत जात. यंत्र कसे चालते, कशाने बंद पडते आणि पुन्हा कसे चालू होते, हे त्यांनी हात काळे करून पाहिले. अभियंत्याची पदवी त्यांच्याकडे नव्हती, ती शेवटपर्यंत आली नाही.

त्याच सुमारास मुंबईत सायकल आली. लक्ष्मणराव ती चालवायला शिकले आणि १८८८ साली त्यांनी सायकलींचा व्यवसाय सुरू केला. ते मुंबईहून सायकली पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावात विकायचे. त्या काळी सायकल ही श्रीमंतांची हौस होती. विकत घेणाऱ्याला ती चालवायला शिकवावी लागे, आणि मोडली की दुरुस्तही करून द्यावी लागे. किर्लोस्कर बंधू या नावाचा आरंभ असा आपल्या गावात झाला. ज्या रस्त्यावर हे दुकान होते, तोच आजचा किर्लोस्कर रोड.

संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला ती जागा दिली गेली. अर्ज-विनंत्या करत न बसता लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला आले. बँकेतल्या आमच्यासारख्या माणसाला बढती हुकण्याचे दुःख चांगले ठाऊक असते. आम्ही ते दुःख वर्षानुवर्षे उराशी बाळगतो. त्यांनी ओळखले, की या यंत्रातला दोष आपल्याला दुरुस्त करता येणारा नाही, तेव्हा यंत्रच सोडावे.

बेळगावात सायकलींच्या जोडीला शेतीची अवजारे करावीत असे त्यांच्या मनात आले. अमेरिकेतून येणारी यंत्रांची सूचिपत्रे आणि मासिके ते बारकाईने वाचत. आधी कडबा कापण्याचे यंत्र तयार झाले आणि १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. नांगर चांगला होता, पण कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी समजूत शेतकऱ्यांत होती. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली.

इथे आमच्यासारख्याने शेतकऱ्याच्या अज्ञानाला दोष देऊन फाइल बंद केली असती. पण थोडा विचार केला तर शेतकऱ्याचीही बाजू दिसते. लाकडी नांगर गावचा सुतार करून देई आणि मोडला तर दारात बसून नीट करी. बिडाचा नांगर पेरणीच्या तोंडावर मोडला तर कोणाकडे जायचे? वर्षाचे पीक ज्यावर अवलंबून आहे, ती वस्तू माणूस सहजासहजी बदलत नाही. लक्ष्मणराव नांगर सुधारत राहिले आणि चालवून दाखवत राहिले. जमीन खोल उलटते, तण मरते, हे शेजारच्या रानात डोळ्यांनी दिसले तेव्हा मागणी आली. विक्री अडली होती ती विश्वासापाशी, आणि विश्वास बसायला वेळ द्यावा लागतो.

धंद्याने बाळसे धरले आणि नवे संकट उभे राहिले. कारखाना ठळकवाडीच्या बाजूला होता. गावाची वाढ तिकडे व्हायची म्हणून नगरपालिकेने ती जागा रिकामी करायला सांगितले. यंत्रे, भट्टी, कामगार, सगळे घेऊन जायचे कुठे? या अडचणीच्या काळात त्यांना औंध संस्थानात यमाई देवीच्या मंदिराचा सभामंडप बांधण्याचे काम मिळाले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः कलावंत आणि माणसांचे पारखी. त्यांनी लक्ष्मणरावांची अडचण जाणून आपल्या संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर जागा देऊ केली आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्जही दिले. बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाने हे वाचले की थांबायला होते. तारण म्हणून दाखवण्यासारखे फारसे काही नव्हते. राजांनी माणूस पाहिला.

१० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. तिथे निवडुंग माजलेला, साप भरपूर, पाण्याची वानवा. लक्ष्मणरावांनी बेळगावातून आपली माणसे बरोबर नेली. शंभोराव जांभेकर यंत्रे बघायचे, मंगेशराव रेगे हिशेब. अंतोबा फळणीकर आणि के. के. कुलकर्णी हेही त्या पहिल्या मंडळींतले. यांतल्या कोणाच्या हातात मोठी पदवी नव्हती. कोण कुठे कमी पडतो यापेक्षा कोण कशात चालतो, हे लक्ष्मणरावांना बरोबर दिसे. तुरुंगातून सुटलेल्या दोघांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले आणि त्या दोघांनी तो विश्वास राखला. वस्तीत जातिभेदाला, शिवाशिवीला थारा नव्हता. पाणीपुरवठा, शाळा, रस्ते, झाडे असलेले नीटनेटके गाव त्या माळावर उभे राहिले. आज ते सांगली जिल्ह्यात आहे आणि मिरज-पुणे रेल्वेमार्गावर त्याच नावाचे स्टेशन आहे.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल बंद झाला. कच्चे लोखंड मिळेना, भट्टीला कोक मिळेना. कारखाना बंद पडायची वेळ आली. पुन्हा तोच प्रश्न, नेमके काय अडले आहे? लोखंड अडले आहे, तर मोडीचे लोखंड गोळा करा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. कोक अडला आहे, तर लोणारी कोळसा वापरून पाहा. भट्टी विझली नाही. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी किर्लोस्कर खबर सुरू केली. तीच पुढे आपल्या आई-आज्यांच्या हातातली किर्लोस्कर मासिक झाली. तिच्या पाठोपाठ स्त्री आणि मनोहर आली.

थोरले चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एम.आय.टी.मधून अभियंता होऊन १९२६ साली परतले. नांगर आणि चरकांनंतर आता पंप आणि इंजिने यांचा काळ आला. आधी विहिरीवर मोट होती. मग तेलावर चालणारे इंजिन आले आणि मग वीज. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि बंगळुरात किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या निघाल्या. त्या वेळी लक्ष्मणरावांचे वय ७७ होते. सायकल विकणाऱ्या माणसाच्या हयातीतच त्याचे नाव इंजिनावर आणि विजेच्या मोटारीवर आले.

मोटार आली तेव्हा आमच्या भागातल्या मिस्त्रींनी जुनीच शिस्त नव्या यंत्राला लावली. मोटार नुसती गुणगुणते, पण फिरत नाही, तर ती जळाली असे म्हणू नका. आधी बटण बंद करा. तीनपैकी एक फेज गेला असेल, फ्यूज उडाला असेल किंवा खांबावरची तार सुटली असेल. तसेच चालू ठेवले तर मात्र ती खरोखर जळेल. मोटार फिरते पण पाणी येत नाही, तर आधी फूट व्हॉल्व्ह पाहा. तो गळत असेल तर पाइपातले पाणी खाली उतरते आणि पंप नुसती हवा घुसळतो. पाणी कमी येते आणि चाक उलटे फिरते, तर तीनपैकी दोन तारा अदलाबदल केल्या की काम होते. इंजिनाचा धूरही बोलतो. काळा असेल तर ओझे जास्त किंवा हवेची जाळी तुंबलेली, निळा असेल तर वंगण जळते, पांढरा असेल तर डिझेल नीट पेटत नाही. मात्र विजेच्या पेटीला हात लावण्याआधी मुख्य खटका खाली ओढा आणि जाणकार माणसालाच बोलवा, हे आम्ही बँकेच्या चिकाटीने पुन्हा सांगतो. ओल्या हाताने फ्यूज घालताना माणसे गेली आहेत.

१९४८ च्या प्रारंभी गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. आयुष्यभर उभे केलेले एका दिवसात जळाले. म्हातारपणी असा घाव बसल्यावर माणूस कडवट होतो, पण त्या घरातल्या मंडळींनी काय उरले आहे ते मोजले आणि कारखाना पुन्हा चालू केला. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. जन्मशताब्दीला, १९६९ साली, सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. पुण्यातल्या त्यांच्या घराचे लकाकि हे नाव लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर या नावातल्या आद्याक्षरांचे.

हे सारे लिहिण्यामागे एक काळजी आहे. उद्यमबागेत आजही भट्ट्या चालतात, सुटे भाग घडतात, पण आपल्या घरांतली मुले तिकडे जायला तयार नसतात. हात काळे होणारे काम कमी दर्जाचे, असे आपणच त्यांना शिकवले. आमच्या घरीही हेच झाले, ते आम्ही नाकारत नाही. यंत्र बंद पडले की नवे आणा, माणसाचे जमले नाही की संबंध तोडा, ही घाई सगळीकडे दिसते. खाली बसून, प्रश्न विचारून, सोप्यातून अवघडाकडे जात दोष शोधणारी माणसे कमी होत चालली आहेत.

तो वेदगंगेकाठचा ऊस वाचला. कारखान्याचे बिल आल्यावर दोन्ही हप्ते व्याजासह जमा झाले. पावती देताना आम्ही उभे राहून दिली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत कोणत्याही थकबाकीदाराचा रिपोर्ट लिहिण्याआधी आम्ही आधी बांधावर बसायचो आणि विचारायचो, की बंद कधी पडले आणि कसे पडले?

यंदा २० जूनला मुलांना किर्लोस्कर रोडवर न्याल तेव्हा त्यांना एवढे सांगा, की इथे एका माणसाने सायकली विकल्या. त्याला रंग दिसत नव्हते, त्याच्याकडे पदवी नव्हती, आणि काही बिघडले की तो आधी नीट बघायचा.

लक्ष्मणरावांच्या स्मृतीस मंडळाच्या वतीने विनम्र अभिवादन.